माळ्यावर जुना पाईप सापडलाय? आधी ठसा वाचा, मगच पुसायला घ्या

दिवाळीची साफसफाई, जुन्या घराची दुरुस्ती किंवा भंगारात काढलेलं कपाट. असं काही निघालं की सोशल मीडियावर एक फोटो हमखास दिसतो. काळपट लाकडी तंबाखूचा पाईप आणि खाली ओळ: 'पणजोबांचा ब्रिटिशकालीन पाईप, किंमत किती येईल?'

मग कमेंटचा पाऊस पडतो. कोणी म्हणतं, 'लाखात जाईल, जपून ठेव.' कोणी म्हणतं, 'पॉलिश पेपर मार, नव्यासारखा होईल.' पहिला सल्ला बहुतेक वेळा खोटी आशा लावतो. दुसरा सल्ला ऐकला, तर पाईप कोणाचा, कुठला आणि कधीचा हे सांगणारा एकमेव पुरावा पाच मिनिटांत नाहीसा होऊ शकतो.

तो पुरावा म्हणजे पाईपच्या दांड्यावरचा ठसा. तो कसा वाचायचा आणि त्याला धक्का न लावता पाईप कसा साफ करायचा, ते समजून घेऊया.

शिळफाट्याच्या परिसरात असे पाईप आले कुठून?

शिळफाटा म्हटलं की अनेकांना कल्याण-मुंब्र्याकडचा शिळफाटा आठवतो. इथे बोलतोय ते खोपोलीच्या, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या शिळफाट्याबद्दल. खालापूर आणि कर्जत तालुक्यांच्या या पट्ट्यात विलायती वस्तू घरात येण्याच्या निदान तीन वाटा इतिहासात दिसतात.

पहिली वाट रेल्वेची. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. तिथून पुढे बोरघाट चढायला पालख्या, तट्टू आणि बैलगाड्या होत्या. घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याच्या बांधकामावर ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर होते आणि त्यांच्यावर इंग्रज अभियंते, मुकादम होते. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवलं.

दुसरी वाट माथेरानची. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि पुढे डोंगरावर बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. बंगले हातोहात विकले गेले, की आतलं सामानही नव्या मालकाकडे जायचं.

तिसरी वाट विजेची. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडून वीज तयार करणारं टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. त्यामागोमाग कारखानदारी, साहेब, कारकून आणि त्यांच्या सवयी आल्या.

म्हणजे या भागातल्या एखाद्या घरात जुना पाईप निघणं अजिबात अशक्य नाही. पण 'निघू शकतो' आणि 'हा तोच आहे' यांत फरक आहे. साहेबाने खूश होऊन दिला, ही गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असेल, तरी पाईप १९७० सालचा असू शकतो. तो मुंबईच्या चोरबाजारातून आलेला असू शकतो किंवा परदेशातल्या काकांनी आणलेला असू शकतो. गोष्ट जपावी, पण तारीख वस्तूलाच विचारावी.

चिलीम, हुक्का आणि पाईप एकच का?

नाही. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आधी रुळली. अकबराच्या दरबारात ती गेली तीही विजापूरहून. असद बेग या सरदाराने सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती तिथे नेली. आपल्याकडे ओढायची साधनं म्हणजे मातीची सरळ चिलीम आणि पाण्यातून धूर ओढणारा हुक्का किंवा गुडगुडी.

शेरलॉक होम्सच्या चित्रांत किंवा बाळासाहेब ठाकरेंच्या जुन्या फोटोंत दिसतो तो पाईप युरोपीय घाटाचा. त्याचे तीन भाग असतात. तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेला लाकडी दांडा आणि तोंडात धरायची काळी नळी. वाटी आणि दांडा बहुधा एकाच लाकडातून कोरलेले असतात, नळी वेगळी असते. ओळख पटवताना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण नळी बदलता येते, दांडा बदलता येत नाही.

पहिला प्रश्न: पाईप कशाचा आहे?

नुसत्या साहित्यावरूनही काळाची एक सीमा कळते.

माती: पांढऱ्या भाजलेल्या मातीचे पाईप युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होते. ते स्वस्त असत, पटकन फुटत आणि फेकून दिले जात. बोरघाटाच्या बांधकामाच्या काळात युरोपातल्या साध्या कामगाराच्या तोंडात बहुधा हाच पाईप असे.

ब्रायर: आज दिसणारे बहुतेक लाकडी पाईप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी मोठी गाठ येते, तिचं हे लाकूड. ते कठीण असतं, सहज जळत नाही. फ्रान्समधल्या सां-क्लोद या गावात १८५० च्या दशकात त्याचे पाईप मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. म्हणजे खोपोलीला रूळ पोहोचत होते, त्याच सुमारास. त्यामुळे 'हा ब्रायरचा पाईप पेशवाईतला आहे' असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबायला हरकत नाही.

मीरशॉम: पांढरं, हलकं, मऊ खनिज. मुख्यतः तुर्कस्तानातल्या एस्कीशहिर भागातून येतं. यावर चेहरे, पंजे, प्राणी कोरलेले असतात. वापराने त्याला मधासारखा पिवळसर-तपकिरी रंग चढतो. हा रंग म्हणजे मळ नव्हे. तो घासून काढायचा नसतो.

मक्याचं कणीस: अमेरिकेत मिसुरी राज्यात १८६९ पासून हे पाईप विक्रीसाठी बनतात. आजही बनतात, त्यामुळे नुसत्या रूपावरून जुने ठरत नाहीत.

शिसवी लाकूड: पितळी तारेचं जडावकाम केलेले असे पाईप भारतात पर्यटकांसाठी बनवले जात. दिसायला सुंदर, पण 'विलायती' नव्हेत.

दुसरा प्रश्न: ठसा काय सांगतो?

दांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, कधी खालच्या अंगाला बारीक अक्षरं दाबलेली असतात. कंपनीचं नाव, आकाराचा क्रमांक आणि देशाचं नाव. वर्षानुवर्षांच्या हातांच्या घामाने ती पुसट होतात. वाचण्याची सोपी युक्ती अशी: खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पाईपच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि समोरून न दिसणारा ठसा उठून दिसतो. त्याच अवस्थेत चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. खडूची पूड, रंग, शाई भरून वाचायचा प्रयत्न करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'मेड इन इंग्लंड' म्हणजे 'ब्रिटिशकालीन' नव्हे. मालावर मूळ देशाचं नाव छापण्याची रीत पसरली ती अमेरिकेने १८९० च्या आयातकर कायद्यात तशी अट घातल्यावर. इंग्लंडमध्ये तर १९४७ नंतरही पाईप बनतच राहिले. त्यामुळे हा ठसा पाईप फार जुना नसल्याचंच बहुधा सांगतो.

देशाचं नाव मात्र नकाशासारखं वाचता येतं. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या पाईपवर 'आयरिश फ्री स्टेट' असं असेल, तर ते राज्य १९२२ ते १९३७ याच काळात त्या नावाने होतं. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असेल, तर आयर्लंड प्रजासत्ताक झालं १९४९ मध्ये. तोच पाईप आजोबांनी १९३० साली घेतला, ही गोष्ट मग जुळत नाही. 'वेस्ट जर्मनी' हा ठसा १९४९ ते १९९० या काळातला.

काही कंपन्या वर्षही सांगतात. लंडनच्या डनहिल पाईपवर 'इंग्लंड' या शब्दानंतर एक छोटा, किंचित वर सरकवलेला आकडा असतो. ११ पासूनच्या आकड्यांत १९६० मिळवले की वर्ष मिळतं. १५ असेल तर १९७५. त्याआधीच्या एक अंकी आकड्यांची मात्र पुनरावृत्ती होते. तिथे पेटंट क्रमांकासारख्या इतर खुणाही बघाव्या लागतात.

दांड्यावर चांदीचं कडं असेल तर काम आणखी सोपं. सोन्यावरचा हॉलमार्क आपल्याला ओळखीचा आहे, तसाच हा. चालता सिंह म्हणजे ९२५ शुद्धतेची इंग्लिश चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन. शेजारचं एक अक्षर त्या वर्षाचं असतं आणि त्याचे तक्ते सहज मिळतात. एक सावधगिरी: कडं नंतर बसवलेलंही असू शकतं.

पांढरा ठिपका दिसला म्हणजे डनहिल?

ऑनलाइन विक्रीत सर्वांत जास्त फसगत इथे होते. नळीवरचा छोटा पांढरा ठिपका ही डनहिलची प्रसिद्ध खूण आहे. नळीची वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून ती आली, असं सांगितलं जातं. पण ठिपका नळीवर असतो आणि नळी बदलता येते. साध्या पाईपला ठिपक्याची नळी बसवली की फोटोत तो 'डनहिल' होतो.

म्हणून विकत घेणार असाल, तर दांड्यावरच्या ठशाचा स्पष्ट फोटो मागा. नळी आणि दांडा जिथे भेटतात तिथे फट किंवा पायरी आहे का, ते बघा. वाटीच्या आतला फोटो मागा. 'ठसा झिजलाय, पण अस्सल आहे' असं उत्तर आलं, तर तो ठसा नसलेला पाईप आहे असं समजूनच किंमत ठरवा.

नळीचा रंग हिरवट का होतो?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक नळ्या व्हल्कनाइटच्या असतात. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवलं की ते लाकडासारखं कडक आणि काळंभोर होतं. पण ऊन आणि हवा लागून पृष्ठभागावरचं गंधक बाहेर येतं, हवेशी संयोग पावतं आणि नळी मातकट हिरवी-तपकिरी दिसू लागते. ओल्या बोटाने चोळल्यावर गंधकाचा वास आला, तर नळी व्हल्कनाइटची. अ‍ॅक्रिलिकची नळी चकचकीतच राहते आणि ती बहुधा अलीकडची असते.

पिवळी, पारदर्शक नळी अंबरची असू शकते किंवा बेकेलाइटची. पाण्यात पोटभर मीठ विरघळवलं, तर अस्सल अंबर त्यात तरंगतं, बेकेलाइट बुडतं. चाचणी फक्त सुट्या नळीची करा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. तापवलेली सुई टोचून बघण्याचा जो सल्ला मिळतो, त्याने वस्तूला कायमचं भोक पडतं.

साफसफाई: कोणत्या क्रमाने?

इथून पुढचं सगळं ब्रायरच्या पाईपसाठी आहे. उद्देश पाईप जपण्याचा आहे, ओढण्यायोग्य करण्याचा नाही.

१. नळी सोडवा. दांडा घट्ट धरून नळी हळूहळू एकाच दिशेने फिरवत ओढा. वर-खाली हलवली तर दांड्याला चीर जाते. जाम असेल तर पाईप पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. लाकूड आणि रबर कमी-जास्त आकसतात, पकड सैल होते.

२. वाटीतली काजळी काढा. आत जळक्या तंबाखूचा कोळशासारखा थर बसलेला असतो. जाड थर आणि लाकूड उष्णतेने सारखे फुगत नाहीत, त्यामुळे वाटी तडकते. टोकदार सुरीने खरवडू नका. गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने फिरवा आणि लाकूड दिसायच्या आत थांबा. नाकातोंडावर मास्क हवा, कारण ही जुनी काजळी आणि बुरशी आहे.

३. आतून स्पिरिट, बाहेरून नाही. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या वातीला लावून दांड्याच्या भोकातून आरपार काढा. वात पांढरी निघेपर्यंत हे करायचं, वीस-पंचवीस वाती सहज लागतात. वास जात नसेल तर वाटीत स्पिरिटने ओला केलेला कापूस रात्रभर ठेवा, तो डांबरासारखा मळ शोषून घेतो. स्पिरिट बाहेरच्या पॉलिशवर सांडलं तर रंग उतरतो. आणि जवळपास गॅस, दिवा नको.

४. बाहेरून ओलसर फडकं पुरेसं आहे. सौम्य साबणाचं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं पुसणं. पाईप पाण्यात बुडवू नका. ठशाच्या जागी फक्त कोरडं सुती कापड.

५. पोचा आला असेल तर वाफ द्या. त्या जागी ओलं कापड ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. घासून पोचा काढण्यापेक्षा हे बरं, कारण यात लाकूड कमी होत नाही. ठशाजवळ मात्र हेही नको. दबलेली अक्षरंही अशीच फुगून पुसट होतात.

६. नळी उजळा. बारीक वॉटर पेपर, आधी ६०० नंबरचा, मग १०००, मग २०००. प्रत्येक वेळी पाणी लावून. नळीवर खूण किंवा ठिपका असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. दांड्याशी जुळणारी कड घासली तर जोडाला पायरी पडते, ती जागा सोडा. व्हल्कनाइट गरम पाण्यात घालू नका, आणखी हिरवं होतं.

७. शेवटी मेण. कार्नोबा मेण किंवा मधमाशीचं मेण अगदी पातळ लावून मऊ कापडाने चोळा. वॉर्निश किंवा खोबरेल तेल नको. वॉर्निशचा थर ठसा बुजवतो, तेल पावसाळ्यात धूळ आणि बुरशी धरतं.

मीरशॉम आणि मातीच्या पाईपला यातलं काहीच करू नका. दोन्ही पाणी आणि स्पिरिट शोषतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडणं, एवढीच त्यांची साफसफाई.

विकण्याआधी कायदा काय म्हणतो?

पाईप शंभर वर्षांहून जुना असेल, तर तो १९७२ च्या पुरावस्तू आणि कलावस्तू कायद्यातल्या पुरावस्तूच्या व्याख्येत बसू शकतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे '१९१० सालचा आहे, परदेशात कुरिअर करतो' अशी जाहिरात देणारा एक तर खोटं बोलतोय किंवा स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देतोय.

हस्तिदंताचं कडं किंवा नळी असेल तर आणखी जपून. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. ओळख कशी? हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा दिसतात. हाडावर बारीक काळे ठिपके आणि चरे असतात. शंका असेल तर विक्रीची पोस्ट टाकू नका, आधी वन विभागाकडे चौकशी करा.

साफ झालेला पाईप ओढून बघायचा का?

नाही. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा गैरसमज आहे. ओठ, तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही वाढतो. त्यात या पाईपमध्ये कोणाचीतरी जुनी काजळी, बुरशी आणि तुम्ही वापरलेलं स्पिरिट आहे. त्याची जागा कपाटात.

पावसाळ्यात कसा जपायचा?

खोपोली-खालापूरचा पाऊस घाटाखालचा पाऊस आहे. चार महिने भिंती ओल्या राहतात. बंद प्लास्टिक पिशवीत ठेवलेल्या पाईपला बुरशी हमखास येते. शिंगाची नळी असेल तर तिला किडे भोकं पाडतात. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. नळी आणि दांडा वेगळे ठेवा. पुड्या अधूनमधून बदला आणि ऊन पडलं की डबा सावलीत उघडा. पाईप थेट उन्हात नको, नळी पुन्हा हिरवी होईल.

डब्यात एक चिठ्ठीही ठेवा. पाईप कोणाकडे होता, कोणत्या घरात सापडला, घरातले त्याबद्दल काय सांगतात आणि ठशावर नेमकं काय लिहिलंय. ऐकीव माहिती आणि ठशावरची माहिती वेगवेगळी लिहा. बहुतेक पाईपांना बाजारात फार मोठी किंमत येत नाही. पण रेल्वेत, वीज केंद्रात किंवा माथेरानच्या एखाद्या बंगल्यात काम केलेल्या माणसाची आठवण त्या ठशाशी जुळली, तर त्या कुटुंबाकडे आपल्या भागाच्या इतिहासाचा एक पुरावा उरतो. पॉलिश पेपर फिरला की तो पुन्हा आणता येत नाही.